खापर एकट्या फॉरवर्डवर नको



आपल्या पेठेचा फुटबॉल संघ गोल करायलाच विसरला, अशी तक्रार करणारे पत्र वाचले. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर ‘मार की लेका!’ ओरडून माझाही घसा बसतो. त्यामुळे संताप पटला, ‘फॉरवर्ड बदला’ हा उपाय मात्र पटला नाही. मधली फळी नुसते लांब चेंडू भिरकावत असेल, तर पुढचा मारणार काय?

हे गोल न होण्याचे दुखणे पेठेपुरते नाही. जानेवारी २०२४ मध्ये कतारच्या आशियाई चषकात भारत तिन्ही सामने हरला, तेही एकही गोल न करता. त्याच वर्षी ६ जूनला भारताचा आघाडीपटू सुनील छेत्रीचा तेव्हा जाहीर झालेला निरोपाचा सामना कुवेतशी ०-० बरोबरीत सुटला. कारण देशातले मोठे क्लब गोलांसाठी परदेशी खेळाडूंवर विसंबतात आणि आपली पोरे बाकावर बसतात.

२०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात अनिकेत जाधव आघाडीला खेळला, तो कोल्हापूरचाच. असा आणखी एक हवा असेल, तर फुटबॉल संघ चालवणाऱ्या आपल्या तालमींनी स्थानिक फॉरवर्डला अख्खा हंगाम खेळवावे आणि एक संधी हुकली म्हणून आपण गॅलरीतून त्याचा उद्धार करू नये.

– एक फुटबॉलप्रेमी, कोल्हापूर