बनी तो बनी

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही आमच्या गावाची म्हण. इथले आम्ही दुकानदार गल्ल्याचा पैशापैशाचा हिशोब ठेवतो, संसार मात्र या म्हणीवर सोडतो. आधी धंदा जमू दे, मग बायकोकडे बघू!

मंडळी, साफ चूक. १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिस सुरू झाली ती सुधा मूर्तींनी साठवलेल्या १०,००० रुपयांवर. लोक त्याला त्याग म्हणतात. अहो, ते भांडवल होतं!

आमच्या दुकानात हिचे दागिने गेले, पाटीवर नाव माझंच. परवा म्हणाली, "अहो, गिऱ्हाईक म्हणून आले तर बोलाल का?" लाजलो. आता नऊला शटर खाली, जेवण सोबत. पाटीही बदलतोय. गिऱ्हाईक थांबेल उद्यापर्यंत. हिनं वीस वर्षं थांबायचं का?

असो.