रिकामी संध्याकाळ

अहिल्यानगर जिल्ह्यातील एका बाजारपेठेत भुसार मालाची आडत असलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या एका गृहस्थांनी चातुर्मासात महाराजसाहेबांसमोर मद्याचे पच्चक्खाण घेतले. जैन कुटुंबात हा विषय सहसा उघडपणे बोलला जात नाही. सप्तव्यसनांची नावे लहानपणीच पाठ झालेली असतात. त्यामुळे व्यसन जडले तरी ते महामार्गावरील हॉटेलात, व्यवहाराच्या निमित्ताने, घराच्या नजरेआड जडते. या गृहस्थांची वीस वर्षे अशीच गेली. यकृताला सूज असल्याचे निदान आणि मुलाचा साखरपुडा एकाच महिन्यात आले, तेव्हा त्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली दारू सोडली.

पहिला महिना कौतुकात गेला. झोप सुधारली, हाताचा कंप थांबला, सूर्यास्तापूर्वी कुटुंबासमवेत चौविहार होऊ लागला. अडचण नेमकी तेथूनच सुरू झाली. साडेसहाला जेवण उरकले की रात्री साडेदहापर्यंतचे चार तास समोर उभे राहत. पूर्वी हे तास कोठे जात, याचा हिशेब ठेवण्याची गरजच पडली नव्हती. आता ते दूरदर्शनसमोर बसत, उठत, गॅलरीत जात, मोबाईल हाती घेत, पुन्हा खाली ठेवत. अखेर एका संध्याकाळी त्यांनी गाडीची किल्ली उचलली आणि महामार्गाच्या फाट्यापर्यंत जाऊन ते परत आले. त्या रात्री थोरल्या बंधूंना ते म्हणाले, “भाऊ, प्यावेसे वाटत नाही, पण घरी बसवतही नाही.”

व्यसनमुक्तीच्या वाटेवरचा हा टप्पा अनेकांच्या वाट्याला येतो, आणि त्याची पूर्वकल्पना फार थोड्यांना दिली जाते. आनंदाची जाणीव करून देणारी मेंदूतील रसायने मद्यामुळे कृत्रिमरीत्या उसळतात. वर्षानुवर्षे असे घडले की मेंदू स्वतःची प्रतिक्रिया मंद करून घेतो. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर ती उद्याच्या आनंदावर आज घेतलेली उचल असते. मद्य सुटल्यावर परतफेड सुरू होते. त्या काळात गप्पा, भोजन, नातवंडांचा खेळ यांतही गोडी वाटत नाही. काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत, ही गोडी हळूहळू परत येते. म्हणून हा कंटाळा निश्चय डळमळल्याचे लक्षण नव्हे. तो कर्ज फिटत असल्याचे लक्षण आहे. मात्र हप्ते भरण्याच्या काळातच माणूस पुन्हा उचल घेण्याची शक्यता अधिक असते.

इतिहासातही याचा एक बोलका दाखला आहे. मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात वावरलेले बिल विल्सन हे गृहस्थ व्यवसायानिमित्त अमेरिकेतील अॅक्रन शहरात आले होते. मद्य सोडून त्यांना सुमारे पाच महिने झाले होते. ज्या कामासाठी आले ते फसले, परगावी कोणी ओळखीचे नव्हते, आणि हॉटेलातील बारमधून हसण्याबोलण्याचे आवाज येत होते. ते बारकडे न वळता दूरध्वनीकडे वळले आणि ज्याच्याशी बोलता येईल असा दुसरा मद्यपी शोधू लागले. त्यातून दुसऱ्याच दिवशी डॉ. बॉब स्मिथ यांची भेट झाली आणि पुढे ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ ही चळवळ उभी राहिली. दुसऱ्याच्या उपयोगी पडण्याच्या धडपडीतच त्यांची स्वतःची ती संध्याकाळ निभावली.

जैन परंपरेने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली आहे. प्रमादाचे पाच प्रकार सांगितले जातात : मद्य, विषय, कषाय, निद्रा आणि विकथा. मद्य त्यांपैकी एक आहे, एकमेव नव्हे. ते सुटले आणि त्याची जागा तशीच मोकळी राहिली, तर उरलेले चौघे तेथे बिऱ्हाड करतात. दारू सोडलेला माणूस घरात चिडचिड करू लागतो, अवेळी झोपतो, मोबाईलवर राजकारणाच्या आणि खाण्यापिण्याच्या निरर्थक चर्चांत रात्री घालवतो; तो कषाय, निद्रा आणि विकथा यांचाच प्रवेश होय. याउलट आभ्यंतर तपांत वैयावृत्त्य म्हणजे सेवा आणि स्वाध्याय यांना स्थान दिले आहे. त्यागाबरोबर भरणाही हवा, हे त्या योजनेतच अभिप्रेत आहे.

थोरल्या बंधूंनी उपदेश केला नाही. गावातील पांजरापोळीचे चाऱ्याचे हिशेब दोन वर्षे रेंगाळले होते. ते त्यांनी धाकट्याच्या हाती सोपवले. कडब्याचा भाव, वजनातील तूट, गाडीभाडे हे सारे या आडतदाराच्या हातचे काम होते. रोज पावणेसातला पांजरापोळीत जाऊन रोजमेळ लिहिणे सुरू झाले. येथे वेळेला महत्त्व आहे. सकाळचे फिरणे आरोग्यास उत्तम, परंतु रिकामेपण संध्याकाळचे असेल तर उपायही संध्याकाळीच हवा. आणि त्या कामात कोणीतरी आपली वाट पाहणारे असावे.

तेथून परतल्यावर स्थानकात एक सामायिक. अठ्ठेचाळीस मिनिटे एका आसनावर बसणे आरंभी त्यांना कठीण गेले. डोळे पुनःपुन्हा वाळूच्या घड्याळाकडे वळत. पण कंटाळा चढतो तसा उतरतोही, त्यासाठी काही करावे लागत नाही, हे तेथेच कळले. सर्व रिकामा वेळ कामाने भरता येत नाही. थोडा तसाच सोसावाही लागतो.

कुटुंबीयांनीही काही पथ्ये पाळावीत. उशीर झाला की श्वासाचा वास घेणे, खिसे चाचपणे याने माणूस पुन्हा घराबाहेर लोटला जातो. या गृहस्थांच्या पत्नींनी ते थांबवले आणि एवढेच विचारू लागल्या, “अहो, आज चारा किती आला?” या प्रश्नात विश्वासही होता आणि चौकशीही.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. वर्षानुवर्षे रोज मद्य घेणाऱ्याने ते एकाएकी, वैद्यकीय सल्ल्याविना बंद करू नये. पहिल्या काही दिवसांत झटके येणे, भ्रम होणे असे जीवावर बेतणारे त्रास संभवतात. तसेच दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक आणि उमेद हरपली असेल, तर तो कंटाळा नसून नैराश्य असू शकते. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा नाही. पुण्यात १९८६ पासून कार्यरत असलेल्या ‘मुक्तांगण’सारख्या संस्थांचे मार्गदर्शनही उपलब्ध आहे.

या गृहस्थांच्या पच्चक्खाणाला आता वर्ष होत आले. अजूनही एखादी संध्याकाळ जड जाते, विशेषतः पावसाळ्यात, बाजार बंद असताना. त्या दिवशी पांजरापोळीची वही लवकर आटोपते. मग ते घरीच आसन घालतात आणि वाळूचे घड्याळ उलटे करतात.