गुण कोणाला येणार?

नैराश्याने ग्रासलेल्या किशोरवयीन मुलांपैकी कोणाला उपचाराचा गुण येईल, हे आधीच ओळखता यावे यासाठी जगभर संशोधन चालू आहे. हा प्रयत्न स्वागतार्ह आहे. परंतु त्याच्या निष्कर्षांचा वर्गीय अर्थ चळवळीने समजून घेतला पाहिजे.

अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १२ ते १७ वर्षांची ४३९ मुले होती. बारा आठवड्यांत फ्लुओक्सेटिन हे औषध आणि संवादोपचार एकत्र मिळालेल्यांपैकी ७१ टक्के सुधारली. नुसत्या औषधाने ६१, तर नुसत्या संवादोपचाराने ४३ टक्के. पुढील विश्लेषणात मात्र असे दिसले की, सधन घरांतील मुलांना नुसता संवादोपचारही संयुक्त उपचाराइतकाच लाभला. घरची मिळकत हीच गुणाची एक खूण ठरली!

पहिल्या औषधाने गुण न आलेल्या ३३४ मुलांवरील २००८ सालची चाचणी आणखी बोलकी आहे. नवा उपचार सुरू झाल्यावर बारा आठवड्यांत ज्यांच्यात सुधारणा दिसली, त्यांच्यापैकी सुमारे ६२ टक्के मुले चोविसाव्या आठवड्यापर्यंत व्याधिमुक्त झाली. इतरांपैकी केवळ १८ टक्के. म्हणजे भाकिताची एक मोलाची खूण उपचार सुरू झाल्यानंतरच दिसते, आणि ती पाहण्यास कोणीतरी पुन्हा यावे लागते.

भामरागडला, जेथे पर्लकोटेच्या पुराने रस्ताच तुटतो, तेथे कोण पुन्हा येणार? आश्रमशाळेतील माडिया मुलीला तिच्या बोलीत कोण विचारणार?

तज्ज्ञ आणायचे कोठून, हा युक्तिवाद टिकणारा नाही. गडचिरोलीतच ‘सर्च’ने ३९ गावांतील स्त्रियांना नवजात बालकांची धोक्याची लक्षणे ओळखण्यास शिकवले आणि बालमृत्यू रोखले, हे काम १९९९ साली जगापुढे आले. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ उपक्रमाने गावपातळीवरील कार्यकर्ते नेमले, तेव्हा नैराश्यग्रस्त प्रौढांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा प्रत्येकाचा हक्क मानला आहे. म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीच्या प्रत्येक आश्रमशाळेसाठी गोंडी-माडिया जाणणारा प्रशिक्षित समुपदेशक, औषधांचा अखंड पुरवठा आणि ठरलेल्या आठवड्यांना फेरतपासणी, ही आपली मागणी असली पाहिजे. अन्यथा ‘याला गुण येणार नाही’ हे विज्ञानाचे भाकीत उरणार नाही. तो शासनाने दारिद्र्यावर मारलेला शिक्का ठरेल.