पाय जुळला, पण बसणे गेले

गेल्या वर्षी रोवणीच्या दिवसांत एक बाई माझ्या दवाखान्यात आल्या. वय पंचेचाळीसच्या घरात, गाव मनसरच्या पलीकडचे. त्याआधी दोन वर्षे, अशाच पावसाळ्यात, बांधीतून घरी परतताना त्यांना एका मोटारसायकलने धडक दिली होती. उजव्या मांडीचे हाड गुडघ्याच्या जरा वर मोडले. नागपूरला ऑपरेशन झाले, आत पट्टी आणि स्क्रू बसले, आणि पुढची तपासणी माझ्याकडे होत राहिली. मी नवा एक्स-रे उजेडावर धरून पाहिला. हाड सुरेख जुळले होते. समाधानाने म्हणालो, "मावशी, पाय बरा झाला तुमचा."

"बरा झाला म्हन्ता डॉक्टरसाब," त्या म्हणाल्या, "पन मले खाली बसताच येत नाही जी."

मग त्यांनी पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढला. अक्षर माझेच होते. 'जखम भरली. हाड जुळले. आधाराशिवाय चालते.' त्यांचा नुकसानभरपाईचा दावा नागपूरला चालू आहे, आणि विमा कंपनीच्या वकिलांनी तिथे हाच कागद पुढे केला होता. तुमचे डॉक्टरच म्हणतात, बाई बऱ्या झाल्या! त्या कागदात खोटे असे एक अक्षर नव्हते. तरी त्याने बाईंचा दावा निम्मा करून टाकला होता. मला त्यांनी एका शब्दाने दोष दिला नाही. मला मात्र त्या रात्री नीट झोप लागली नाही.

गुडघ्याचे गणित असे आहे. खुर्चीवर बसायला गुडघा नव्वद अंशांत वाकला तरी भागते. उकिडवे बसायला तो साधारण १२० अंशांच्या बराच पुढे वाकावा लागतो, मांडी घालायलाही जवळपास तितकाच. बाईंचा गुडघा ८५ अंशांवर अडतो. शहरातल्या, कमोड आणि डायनिंग टेबल असलेल्या घरात हा पाय बऱ्यापैकी चालून जाईल. आपल्याकडे काय होते ते वाचकांना सांगायला नको. चूल जमिनीवर, पंगत जमिनीवर, निंदण उकिडवे बसून, भांडी उकिडवे बसून, संडासही तसाच. भजनाला गेले तर सगळ्या बाया सतरंजीवर आणि ही एकटी भिंतीशी खुर्चीत, पाहुणी असल्यासारखी. त्रिपुरी पौर्णिमेला या बाई दरवर्षी गडावर चढत. आता अंबाळ्याच्या घाटापर्यंत येऊन खालूनच हात जोडतात. यातले एकही वाक्य माझ्या कागदावर नव्हते, कारण मी ते विचारलेच नव्हते. आम्हां डॉक्टरांना हाड विचारायची सवय असते.

बरेच लोक समजतात की अपघाताची भरपाई म्हणजे दवाखान्याचे बिल आणि बुडालेली मजुरी. तसे नाही. मोटार वाहन कायद्याखाली दावा केला तर न्यायाधिकरण खर्च आणि बुडालेली कमाई यांखेरीज आणखी दोन गोष्टींचे पैसे वेगळे धरू शकते. एक, सोसलेले दुःख आणि वेदना. दुसरी, जगण्यातल्या सुखांची हानी. इजेने आयुष्य कमी झाले असेल किंवा लग्न जमणे अवघड झाले असेल, तर त्याचाही विचार होतो.

या बाबतीत वकील मंडळी ज्याचा दाखला देतात तो निकाल आपल्या महाराष्ट्रातल्याच माणसाचा आहे. 'हट्टंगडी निकाल' म्हणून तो ओळखला जातो. मुंबईतले हे नामवंत वकील. १९८० साली मोटार अपघातात त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९९५ साल उजाडले. न्यायालयाने त्यांना वेदनांबद्दल दीड लाख आणि जगण्यातल्या सुखांच्या हानीबद्दल आणखी दीड लाख रुपये वेगळे दिले. सुखांची हानी म्हणजे काय हे सांगताना न्यायालयाने जी उदाहरणे दिली ती अगदी साधी आहेत: माणसाला चालता न येणे, धावता न येणे, बसता न येणे. 'बसता न येणे' हे वाचून मला आमच्या मावशी आठवल्या. रक्कम ठरवताना माणसाचे वय, त्याच्या वाट्याला आलेली विशेष उणीव आणि पुढच्या आयुष्यावर होणारा परिणाम पाहावा, असेही त्यात सांगितले आहे. म्हणजे कायद्याला हे तीस वर्षांपासून ठाऊक आहे. अडते ते कायद्याच्या अलीकडे, दवाखान्याच्या टेबलावर.

कारण आमच्याकडून जाते ती टक्केवारी. अपंगत्व १८ टक्के, २५ टक्के, ४० टक्के. हा आकडा सांध्याचा असतो, माणसाचा नव्हे. पायाचे ४० टक्के अपंगत्व म्हणजे सगळ्या शरीराचे ४० टक्के होत नाही, आणि शरीराचे टक्के म्हणजे कमाईचे टक्के नव्हेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात हे नीट उलगडून सांगितले आहे. त्यात डाव्या हाताचे उदाहरण आहे. सुताराचा किंवा ड्रायव्हरचा डावा हात गेला तर त्याची जवळजवळ सगळी कमाई जाते. सरकारी कारकुनाचा गेला तर त्याची नोकरी कदाचित टिकेल, पण मग जगण्यातल्या सुखांच्या हानीबद्दल त्याला रक्कम देता येते, असे न्यायालय म्हणते. त्याच निकालात आम्हां डॉक्टरांचेही कान उपटले आहेत. पेशंटला नीट न तपासता सढळ हाताने सर्टिफिकेट देणारे डॉक्टर असतात, आणि ज्यांनी खरोखर उपचार केले ते साक्षीला यायला कचरतात. दुसरा दोष माझ्यातही आहे. नागपूरच्या कोर्टात दिवस मोडायचा म्हणजे दवाखाना बंद, बाहेर ओट्यावर पेशंट बसलेले, आणि तिथे गेल्यावर पुढची तारीख. न्यायालयाने यावरही उपाय सुचवले आहेत. डॉक्टरला वेळ ठरवून द्यावी, गरज पडल्यास कमिशन नेमून साक्ष घ्यावी. वकिलांनी तशी मागणी केली पाहिजे.

माझे एक डॉक्टर मित्र म्हणतात, "तू असे लिहायला लागलास की उद्या प्रत्येकजण खाली बसता येत नाही म्हणून सांगेल." सांगतीलही. लबाडी करणारे मीही पाहिले आहेत. पण गुडघा किती वाकतो हे कोनमापकाने मोजता येते. मांडीचा स्नायू किती वाळला हे टेपने कळते. खरे-खोटे तपासायची साधने आमच्याकडे आहेत. ज्याला बोलता येत नाही, त्याचे दुःख मोजायचे साधन मात्र एकच, वेळ काढून विचारणे.

दुसरा प्रश्न पेशंटचे घरचेच विचारतात. पैसे मिळून गुडघा वाकणार आहे का? नाही वाकणार. पण पैशाने घराला लागून कमोडचा संडास होतो, ओटा उभारून चूल कमरेइतकी उंच करता येते, निंदणाला दुसरी बाई लावता येते, फिजिओथेरपीला नागपूरला जाण्याचे भाडे निघते. घरकाम करणाऱ्या बाईच्या श्रमाला काही मोल नाही, हा समजही न्यायालयांनी मोडीत काढला आहे. जमशेदपूरला १९८९ साली लागलेल्या आगीच्या प्रकरणात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने मृत गृहिणींच्या घरकामाची किंमत महिन्याला ३,००० रुपये धरली होती. आज ती रक्कम तोकडी वाटते, पण 'बाई घरीच असते, तिचे काय बुडाले' हा मुद्दा तिथून पुढे टिकणारा राहिला नाही.

आता एक कटू गोष्ट. ही सुखांच्या हानीची भरपाई प्रत्येक इजेला मिळत नाही. मनसर-कांद्रीच्या पट्ट्यात खाणकामगार आहेत, बुटीबोरीकडे कारखान्यांत जाणारी मुले आहेत. कामावर इजा झाली तर २०२५ पर्यंत १९२३ चा कायदा लागत असे. पूर्वी तो 'कामगार' भरपाई कायदा होता, २०१० पासून 'कर्मचारी' भरपाई कायदा झाला. त्यात अवयवांची यादी होती. अंगठा गेला, ३० टक्के. तर्जनी गेली, १४ टक्के. हे टक्के कमाईच्या शक्तीचे. अंगठा गेल्याने भजनातली ढोलकी सुटली, तर त्याला त्या यादीत रकाना नव्हता. पेंचच्या जंगलालगत जनावराने जखमी केले तर वनविभागाची ठरावीक रक्कम. शेतकऱ्याला शेतात अपघात झाला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून एक डोळा किंवा एक अवयव गेल्यास १ लाख, मृत्यू आल्यास २ लाख. हात-पाय शाबूत राहून आखडला तर काय, याचे उत्तर तिथे नाही. अज्ञात वाहन धडक देऊन पळाले तर गंभीर इजेला आधी १२,५०० रुपये मिळत, १ एप्रिल २०२२ पासून ५०,००० झाले. त्यासाठी वकील लागत नाही, उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे अर्ज करायचा. म्हणजे एकच गुडघा, एकच बाई. पण मोटारसायकलवाला थांबला की पळाला, यावर तिच्या बसण्याची किंमत ठरते. माझ्या मते हे बदलले पाहिजे, निदान कामावरच्या इजांपुरते तरी.

ज्यांचा दावा मोटार अपघाताचा आहे त्यांनी मुदतीकडे लक्ष द्यावे. १९९४ नंतर बरीच वर्षे दाव्याला मुदत नव्हती, म्हणून 'घाई काय आहे' असे सांगणारे जुने जाणकार गावोगाव भेटतात. २०१९ च्या दुरुस्तीने अपघातापासून ६ महिन्यांची मुदत परत आली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. या मुदतीवर सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेला आहे, पण आपण वादाच्या भरवशावर राहू नये. दावा वेळेत दाखल करावा. इजेचे शेवटचे स्वरूप कळायला वर्ष लागले तरी तो पुरावा नंतर देता येतो. दावा आपण राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणातही करता येतो. स्त्रियांना आणि अपंगांना विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो, त्यांची मिळकत कितीही असो. आणि लोकअदालतीत तडजोड करताना जरा थांबावे. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. हाड जुळायच्या आत, सांधा किती वाकणार हे कळायच्या आत, हातात येणारा चेक मोठा दिसतो. डॉक्टरला आधी विचारावे, "यापुढे अजून किती सुधारेल?"

मावशींसाठी मी नवा कागद लिहिला. गुडघा किती अंश वाकतो, मांडीचा घेर दुसऱ्या मांडीपेक्षा किती कमी, हे आधी मोजून लिहिले. मग त्यांना सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंतचा दिवस सांगायला लावला आणि त्यातले जे माझ्या तपासणीशी जुळले तेवढे त्याखाली उतरवले. संडासाला जाताना सुनेचा हात लागतो. चुलीशी बसता येत नाही. निंदण बंद. रात्री कूस बदलताना कळ येऊन जाग येते. पाऊण तास गेला. बाहेर लोक कुरकुरत होते. यापुढे अशा प्रत्येक पेशंटचा कागद असाच लिहायचा ठरवले आहे. किती जमते ते पाहू.

सही करून मी तो त्यांना वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "नातवाचं तं लिहिलंच नाही तुम्ही. तो मांडीवर बसाले येते अन् मले मांडी घालता येत नाही, तं तो आपल्या आईपाशी जाते."

मी पेनाचे टोपण पुन्हा काढले.