गौरवाची किंमत

मराठी साहित्याने कामगार पाहिला, मालकही पाहिला. नारायण सुर्वे यांच्या कवितेपासून जयंत पवार यांच्या ‘अधांतर’पर्यंत हा संघर्ष आपण शिकतो, शिकवतो. व्यवस्थापनाची बाजू मांडणारा वकील मात्र आपल्या वाङ्मयात जवळजवळ अनुपस्थित आहे. आमच्या मते ही उणीव लहान नाही. कारण हा माणूस शब्दांवर जगतो आणि त्याच्या वाचनावर इतरांची उपजीविका ठरते.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील ‘कामगार’ या शब्दाची व्याख्याच पाहा. बडतर्फ झालेला माणूस तीत बसत नाही एवढे सिद्ध झाले, की बडतर्फी न्याय्य होती का, हा प्रश्न त्या कायद्याखाली उभाच राहत नसे. गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळेला ‘उद्योग’ मानले, शिक्षकाला मात्र ‘कामगार’ मानले नाही. अध्यापन हे उदात्त व्रत. ते अंगमेहनतीचे, तांत्रिक वा कारकुनी काम नव्हे, असा तर्क होता. गौरव पदरी पडला, दाद मागण्याची ती वाट बंद झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. तिच्या व्याख्येतही शिक्षकाचा उल्लेख नाही.

वकिलाला दोष देऊन मोकळे होता येत नाही. पक्षकाराच्या हिताचा अर्थ लावणे हा त्याचा धर्मच. आमची खंत वेगळी आहे. सूक्ष्म वाचनाचे धडे आपण वर्गात देतो. स्वतःच्या नेमणूकपत्रावर मात्र न वाचताच सही करतो. ते पत्र दुसऱ्या बाजूने कुणीतरी फार काळजीपूर्वक वाचलेले असते.