जुना पिकअप ठेवावा की बदलावा?
जीएसटी कपातीमुळे नवी गाडी स्वस्त झाली. पण छोट्या मालकाचे गणित शोरूममधील किमतीपुरते नाही

नारायणगावचा टोमॅटो असो, जुन्नर-ओतूरची कोथिंबीर असो वा नाशिक पट्ट्यातील द्राक्षे. शेताच्या बांधापासून बाजार समितीच्या गाळ्यापर्यंतचा हा प्रवास बहुतांशी पिकअपच्या हौद्यातून होतो. एकच गाडी, स्वतःच मालक आणि स्वतःच चालक, हे या व्यवसायाचे सर्वसाधारण स्वरूप. अशा मालकासमोर दहा-बारा वर्षांनी एक प्रश्न हटकून उभा राहतो. जुन्या गाडीवर आणखी खर्च करायचा, की ती देऊन नव्या गाडीचे हप्ते डोक्यावर घ्यायचे? गेल्या काही वर्षांत केंद्र व राज्य सरकारांनी एकामागून एक घेतलेल्या निर्णयांमुळे हा प्रश्न पूर्वीपेक्षा अधिक गुंतागुंतीचा झाला आहे.

सर्वप्रथम एका गैरसमजाचा निकाल लावणे आवश्यक आहे. ‘पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारात’ असे गावोगावी ठामपणे सांगितले जाते. जुन्या गाड्यांची खरेदी करणारे काही दलाल या भीतीचा पुरेपूर लाभही उठवतात. वस्तुस्थिती वेगळी आहे. पंतप्रधानांनी १३ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर केलेल्या वाहन मोडीत धोरणाचा पाया वय हा नसून गाडीची योग्यता हा आहे. वयाची सरसकट अट सरकारी वाहनांना लावण्यात आली. पंधरा वर्षांपेक्षा जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून नूतनीकरणास अपात्र ठरली. दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांबाबतचा बहुचर्चित निर्बंध हा दिल्ली व राजधानी परिसरापुरता होता, आणि तोही २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बराच सौम्य केला. महाराष्ट्रातील खासगी मालकाचा पिकअप पासिंगमध्ये उत्तीर्ण होत असेल, तर केवळ वयामुळे तो रस्त्यावरून उतरवला जात नाही.

मात्र बंदी नाही याचा अर्थ मोकळीक आहे असा नव्हे. सरकारने बंदीऐवजी शुल्काचा मार्ग पत्करला आहे. परिवहन वाहनांना पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. राज्याचा पर्यावरण कर आठ वर्षांनंतर लागू होतो. नोव्हेंबर २०२५ मधील केंद्राच्या अधिसूचनेने वाढीव योग्यता शुल्काची मर्यादा पंधरा वर्षांवरून दहा वर्षांवर आणली आणि दहा ते पंधरा, पंधरा ते वीस व वीसहून अधिक असे तीन टप्पे केले. वीस वर्षांपेक्षा जुन्या हलक्या वाहनासाठी हे शुल्क १५ हजार रुपये, तर अवजड वाहनासाठी २५ हजार रुपये आहे. शिवाय जेथे स्वयंचलित चाचणी केंद्रे सुरू झाली आहेत, तेथे ब्रेक, दिवे, धूर यांची तपासणी यंत्र करते. एजंटाच्या ओळखीवर गाडी ‘पास’ करून घेण्याचे दिवस त्या ठिकाणी संपत आले आहेत. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी सक्तीची झाली, तिचा खर्च चारचाकीसाठी ७४५ रुपये अधिक कर. तो किरकोळच म्हणावा लागेल. तृतीय पक्ष विम्याची बाब मात्र किरकोळ नाही. जून २०२२ पासूनच्या दरपत्रकानुसार साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू वाहनाचा हा हप्ता १६,०४९ रुपये ठरला. तो वजनावर ठरतो, वयावर नाही. गाडी जुनी झाली म्हणून त्यात एका रुपयाचीही सूट मिळत नाही.

स्वस्त झाली, पण कितीने?

दुसऱ्या बाजूला नव्या गाडीचे आकर्षण वाढले आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू वाहनांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. करासह दहा लाखांना मिळणारी गाडी त्यामुळे सुमारे ९ लाख २२ हजारांवर येते. दहा टक्के कर कमी झाला म्हणून किंमत दहा टक्क्यांनी उतरली, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ही घट आठ टक्क्यांहून थोडी कमीच आहे. त्यातच मार्च २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात साडेसात हजार किलोपर्यंतच्या हलक्या मालवाहू वाहनांवर सात टक्के एकरकमी कराचा प्रस्ताव मांडण्यात आला. या किमतीवर तो सुमारे ६४ हजार होतो. एका हाताने मिळालेल्या सवलतीतील मोठा वाटा दुसऱ्या हाताने असा परत जातो.

आणखी एक परिणाम शोरूममध्ये सांगितला जात नाही. नवी गाडी स्वस्त झाली की जुन्या गाडीचा भावही त्याच प्रमाणात खाली येतो. बदलून घेणाऱ्यास नवीन किमतीतला फायदा दिसतो, जुनीच्या किमतीतला तोटा दिसत नाही.

आता प्रत्यक्ष हिशेब पाहू. पुढील आकडे उदाहरणादाखल धरलेले आहेत. प्रत्येक मालकाने त्या जागी स्वतःच्या वहीतील आकडे घालावेत. समजा, बारा वर्षे जुन्या पिकअपला बाजारात अडीच लाख रुपये येतात. ते अनामत म्हणून भरून उरलेल्या आठ लाखांचे कर्ज ११ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे १७,४०० रुपये पडतो. म्हणजे वर्षाला दोन लाख नऊ हजार. पाच वर्षांत व्याजापोटीच जवळपास दोन लाख ४४ हजार रुपये जातात.

या बदल्यात वाचते काय? जुनी गाडी लिटरला ११ किलोमीटर आणि नवी १४ किलोमीटर चालते असे धरू. वर्षाला ३० हजार किलोमीटर धाव असेल, तर सुमारे ५८० लिटर डिझेल वाचते. लिटरला ९० रुपये दराने ही बचत साडेबावन्न हजारांच्या घरात जाते. जुनीला वर्षाकाठी ९० हजार आणि नवीला ३० हजार रुपये दुरुस्ती-देखभाल लागते असे मानल्यास आणखी ६० हजार वाचतात. एकूण बचत एक लाख साडेबारा हजार. दोन लाख नऊ हजारांच्या हप्त्यापुढे ती निम्म्याच्या थोडी वर आहे. उरलेले ९६ हजार रुपये भाड्यातूनच काढावे लागतील.

परंतु येथेच थांबून ‘जुनी ठेवा’ असा निकाल देणे घाईचे ठरेल. हप्ता हा संपूर्ण खर्च नव्हे. त्यातील मुद्दलाचा भाग गाडीच्या रूपाने मालकाकडेच राहतो. नव्या गाडीला करासह ९ लाख ८७ हजार पडले आणि पाच वर्षांनी तिचे चार लाख आले, तर वर्षाची घट एक लाख १७ हजार होते. त्यात व्याजाचे ४९ हजार मिळवले की खरा वार्षिक खर्च एक लाख ६६ हजार निघतो. जुनी गाडीही काही किंमत धरून बसत नाही. अडीच लाखांची गाडी पाच वर्षांनी एक लाखावर आली, तर तिचीही वर्षाला ३० हजारांची घट झालीच. म्हणजे दोहोंतील खरा फरक एक लाख ३६ हजारांचा. आणि बचत एक लाख साडेबारा हजारांची. तफावत उरते ती साधारण २३ ते २४ हजारांची. खर्च वजा जाता एका फेरीत दीड हजार रुपये सुटत असतील, तर वर्षात १५-१६ फेऱ्या.

या १५-१६ फेऱ्यांवर सारा निर्णय अवलंबून आहे. जुनी गाडी नादुरुस्तीमुळे वर्षातून तितके दिवस गॅरेजमध्ये उभी राहत असेल, तर बदलण्याच्या बाजूने पारडे झुकते. नसेल, तर नाही. धाव निम्मी म्हणजे १५ हजार किलोमीटर असेल, तर डिझेलची बचत २६ हजारांवर येते, दुरुस्तीतला फरकही कमी होतो आणि नवी गाडी घेण्यास आर्थिक आधार उरत नाही. गावातल्या गावात सिमेंट, खत, चारा वाहणाऱ्याने आणि रोज रात्री वाशीच्या बाजारासाठी घाट उतरणाऱ्याने एकाच सल्ल्याने चालणे म्हणूनच धोक्याचे आहे. भाजीपाला वाहणाऱ्याच्या बाबतीत बिघाडाचा खर्च केवळ मिस्त्रीच्या बिलाइतका नसतो. माळशेजच्या वळणावर मध्यरात्री क्लच प्लेट गेली, तर टोचन लावून गाडी खाली आणेपर्यंत लिलावाची वेळ टळते; मेथीचा भाव उतरतो आणि पुढल्या खेपेस शेतकरी दुसऱ्याची गाडी सांगतो. गेलेले गिऱ्हाईक वहीच्या कोणत्याही रकान्यात लिहिले जात नाही.

कागदावरचा फायदा-तोटा आणि महिन्याची रोकड या दोन भिन्न गोष्टी आहेत, हेही लक्षात घेतले पाहिजे. पाच वर्षांचा हिशेब जवळपास बरोबरीत सुटला, तरी टोमॅटोचा भाव पडून फेऱ्या थांबलेल्या महिन्यातही १७,४०० रुपये भरावेच लागतात. जुनी गाडी अशा महिन्यात दारात उभी राहू शकते. कर्जाची गाडी उभी राहू शकत नाही. हंगामी धंदा करणाऱ्याला हा फरक फार महागात पडतो. प्राप्तिकराच्या बाजूनेही छोट्या मालकाला विशेष दिलासा नाही. गृहीत उत्पन्न पद्धतीने विवरणपत्र भरणाऱ्यास अवजड नसलेल्या प्रत्येक मालवाहू वाहनामागे महिन्याला साडेसात हजार रुपये उत्पन्न धरावे लागते. त्यात घसारा आणि व्याज वेगळे वजा करता येत नाही. ‘नवी गाडी घेतली की टॅक्स वाचतो’ हे विधान हिशेबाची पुस्तके ठेवणाऱ्या मोठ्या वाहतूकदारापुरतेच खरे आहे.

भंगाराचे प्रलोभन

गाडी मोडीत काढल्यास मिळणाऱ्या सवलतींचा गाजावाजा बराच झाला. धोरणानुसार भंगाराची किंमत नव्या गाडीच्या किमतीच्या चार ते सहा टक्के अपेक्षित आहे. आपल्या उदाहरणात ३७ ते ५५ हजार. परिवहन वाहनांच्या करात कमाल १५ टक्के सवलत देण्याची तरतूद आहे, म्हणजे साडेनऊ हजारांच्या आसपास. ऑगस्ट २०२४ मध्ये उत्पादकांनी साडेतीन टनांखालील मालवाहू वाहनांवर दीड टक्का सूट दोन वर्षांपुरती जाहीर केली होती. तिचे १४ हजार. नोंदणी शुल्काची माफी जमेस धरूनही बेरीज ८० हजारांच्या पुढे जात नाही. चालू स्थितीतील गाडीला बाजारात अडीच लाख मिळत असताना ती ८० हजारांसाठी कोण मोडेल? त्यामुळे धूर ओकणारी गाडी रस्त्यावरून नाहीशी होण्याऐवजी एका तालुक्यातून दुसऱ्या, अधिक गरीब तालुक्यात जाते. तिचा नवा मालक आधीच्यापेक्षा कमी देखभाल करू शकतो. धोरणाचे हे मोठे अपयश आहे आणि केवळ शुल्क वाढवून ते दूर होईल असे दिसत नाही. मोडीत काढणे परवडते ते चॅसीला गंज लागलेल्या, इंजिन पुन्हा बांधावे लागणार असलेल्या गाडीच्या बाबतीतच.

नव्या गाडीच्या देखभालीचा मुद्दाही तपासून घ्यावा लागेल. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले आणि डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारे फिल्टर आले. काही गाड्यांत त्यासाठी वेगळे द्रावणही भरावे लागते. सतत कमी वेगाने, थोड्या अंतरावर धावणाऱ्या गाडीत ही काजळी पुरेशी जळत नाही आणि फिल्टर तुंबतो. जुन्या पिकअपचे पाटे, क्लच, पंप गावचा मिस्त्री डोळे मिटून उघडतो. नव्या गाडीचा दोष संगणकावर वाचावा लागतो आणि तो बहुधा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कार्यशाळेतच असतो. विजेवरील गाड्यांचा पर्याय शहरातील ठरावीक फेऱ्यांसाठी विचारात घेण्याजोगा आहे. तथापि अटल सेतूवर २०२५ मध्ये मिळालेली टोलमाफी विजेवरील मोटारी व बसगाड्यांसाठी होती, मालवाहू गाड्यांना ती मिळाली नाही.

बदलण्याचा निर्णय झालाच, तर व्यवहार कोणाशी करायचा याला किमतीइतकेच महत्त्व आहे. एक्स्चेंजमध्ये विक्रेता जुनीचे दहा-वीस हजार कमी देतो, हे खरे. डिसेंबर २०२४ मध्ये जुन्या वाहनांवरील जीएसटी १८ टक्के करण्याची शिफारस झाली, तेव्हा ‘आता जुनी गाडी विकतानाही कर’ अशी आवई उठली होती. हा कर नोंदणीकृत व्यावसायिकाच्या नफ्याच्या रकमेवर आहे; जीएसटी नोंदणी नसलेल्या साध्या मालकाला तो भरावा लागत नाही. परस्पर विक्रीत पैसे जास्त मिळतात, पण जोखीमही जास्त. नावबदल न करता गाडी दिली आणि पुढे अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी आरसी बुकात ज्याचे नाव आहे त्याचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. केवळ नमुना २९ व ३० वर सह्या करून कागद दलालाच्या हाती सोपवणे म्हणजे ही जोखीम आपल्याच गळ्यात ठेवणे होय. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना परिवहन विभागाकडून प्राधिकारपत्र घेण्याची पद्धत सुरू झाली. अशा विक्रेत्याकडे गाडी सोपवल्याची ऑनलाइन नोंद झाली की पुढील विक्रीपर्यंत तोच मालक मानला जातो. गाडीवर पूर्वीच्या कर्जाचा बोजा असल्यास नमुना ३५ देऊन तो आरसीवरून उतरवून घ्यावा. कर्ज फिटून वर्षे लोटली तरी बोजा तसाच राहिलेल्या गाड्यांचे व्यवहार नेमके या कागदापाशी अडतात आणि त्या अडणुकीत ठरलेला भाव पाच-दहा हजारांनी पाडला जातो.