विश्लेषण : टपालाचा कायदा नवा झाला, पत्र आणून देणाऱ्याचे काय?

संसदेने १२५ वर्षांचा टपाल कायदा बदलला, केंद्रीय कर्मचाऱ्यांना नवी पेन्शन मिळाली, आठवा वेतन आयोगही नेमला गेला. या सगळ्यात गावोगावी टपाल पोहोचवणारा ग्रामीण डाकसेवक मात्र होता तिथेच आहे. त्याचा पवईतल्या माणसाशी काय संबंध?

पवईचा पिन कोड ४०००७६. या पत्त्यावर दोन वाटांनी सामान येते. हिरानंदानीच्या टॉवरखाली दिवसभर थांबणाऱ्या दुचाकींवरून किराणा, जेवण आणि ऑनलाइन मागवलेल्या वस्तू येतात. दुसरी वाट पोस्टाची. तिने पासपोर्ट येतो, आधार कार्ड येते, आरटीओकडून लायसन्स येते आणि वकिलाची नोटीसही येते. पहिल्या वाटेवर वस्तू हरवली तर ॲपवर तक्रार करून पैसे परत मागता येतात. दुसऱ्या वाटेवर हरवलेल्या कागदाची किंमत अशी परत मिळत नाही.

गेल्या दोन वर्षांत या दोन्ही वाटांवर काम करणाऱ्यांचे कायदे बदलले. मोबाइलवर त्यांच्या बातम्या सुट्या सुट्या येऊन गेल्या. एकत्र वाचल्या तर त्यातून एक माणूस गळलेला दिसतो.

नेमके काय बदलले?

पहिला बदल पोस्ट ऑफिस कायदा, २०२३ हा. १८९८ चा भारतीय टपाल कायदा रद्द करणारे हे विधेयक १० ऑगस्ट २०२३ रोजी राज्यसभेत मांडले गेले, डिसेंबरात दोन्ही सभागृहांत मंजूर झाले आणि १८ जून २०२४ पासून लागू झाले.

दुसरा बदल पेन्शनचा. एकीकृत पेन्शन योजना, म्हणजे यूपीएस, १ एप्रिल २०२५ पासून केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली. तिसरा बदल वेतनाचा. आठव्या वेतन आयोगाच्या कार्यकक्षेला २८ ऑक्टोबर २०२५ रोजी मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती राहिलेल्या आणि सर्वोच्च न्यायालयातून निवृत्त झालेल्या रंजना देसाई त्याच्या अध्यक्ष आहेत. चौथा बदल चार कामगार संहितांचा. त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आणि ॲपवरून काम घेणारा ‘गिग कामगार’ देशाच्या कायद्यात नावानिशी आला. त्याच्या सामाजिक सुरक्षेसाठी कंपन्यांनी वार्षिक उलाढालीचा १ ते २ टक्के वाटा द्यावा, अशी तरतूद झाली.

म्हणजे नियमित केंद्रीय कर्मचाऱ्याला काही मिळाले. पवईच्या गेटवर उभ्या असलेल्या डिलिव्हरीवाल्याला निदान व्याख्या मिळाली. देशभरातल्या अडीच लाखांच्या आसपास ग्रामीण डाकसेवकांना या चारपैकी एकाही बदलात जागा मिळालेली नाही.

नव्या टपाल कायद्यात काय आहे?

जुन्या कायद्याने पत्रे वाहून नेण्याचा एकाधिकार सरकारकडे ठेवला होता. प्रत्यक्षात कुरियर कंपन्या पत्राला ‘डॉक्युमेंट’ म्हणत आणि धंदा चालवत. नव्या कायद्याने हा एकाधिकार काढला. फक्त टपाल तिकिटे काढण्याचा विशेषाधिकार राखला. वस्तुस्थिती मान्य केली, हे ठीकच झाले.

जुन्या कायद्यात टपाल कर्मचाऱ्यांच्या गुन्ह्यांची लांबलचक यादी होती. टपालाची चोरी किंवा अफरातफर केल्यास सात वर्षांपर्यंत कैद होती. बेकायदा पाकीट उघडणे, अडवून ठेवणे यालाही शिक्षा होती. ही यादी नव्या कायद्यात नाही. किरकोळ चुकीसाठी तुरुंगाची भीती गेली, ही कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने चांगली गोष्ट. पण तुमचे पाकीट कोणी बेकायदा उघडले तर त्यासाठी या कायद्यात स्वतंत्र शिक्षाही उरली नाही.

त्याच वेळी कलम ९ ने सरकारला टपाल अडवण्याचा, उघडण्याचा अधिकार दिला आहे. राज्याची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, आणीबाणी अशी कारणे त्यात आहेत. हा अधिकार नवा नाही, पण वादग्रस्त आहे. १९८६ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या अशाच दुरुस्तीवर तेव्हाचे राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी सहीच केली नव्हती. पुढे ते विधेयक मागे घ्यावे लागले. आजही अशा आदेशाची तपासणी स्वतंत्र यंत्रणेने करावी, असे हा कायदा म्हणत नाही.

कलम १० सांगते की नियमांत ठरवली असेल तेवढी जबाबदारी सोडून टपाल खाते सेवेबद्दल अन्य कोणतीही जबाबदारी घेणार नाही. जुन्या कायद्याच्या कलम ६ चाच हा नवा अवतार. टपाल कुठे, किती दिवसांनी, कोणाच्या हातून पोहोचले पाहिजे, हेही कायद्यात नाही. कोणत्या सेवा द्यायच्या ते केंद्र सरकार नियमांनी ठरवेल, एवढेच आहे. आणि नियम बदलायला संसदेत मतदान लागत नाही.

२०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले, ते खात्याच्या निर्णयाने. ज्या ‘रजिस्टर एडी’च्या भरवशावर कित्येक पिढ्यांनी कोर्टकचेऱ्या केल्या, ती सेवा वेगळी उरली नाही. स्पीड पोस्टलाच नोंदणीची जोड देता येते, त्यामुळे अडचण झाली नाही असे खाते म्हणू शकते. मुद्दा तो नाही. उद्या एखाद्या खेड्यातले टपाल वाटप आठवड्यातून दोनदा करायचे ठरले, तर त्याला आडवे येईल असे कायद्यात एकही वाक्य नाही.

डाकसेवक नेमका कोण?

देशात सुमारे १ लाख ६४ हजार पोस्ट ऑफिसे आहेत आणि त्यांपैकी जवळपास ९० टक्के ग्रामीण भागात. तिथली बहुतेक शाखा कार्यालये ग्रामीण डाकसेवकच चालवतात. शाखा डाकपाल, सहायक शाखा डाकपाल आणि डाकसेवक अशी त्यांची पदे.

भरती दहावीच्या गुणांवर होते. काम दिवसाला चार ते पाच तासांचे धरले जाते. मिळतो तो पगार नव्हे, ‘वेळेशी निगडित सातत्य भत्ता’. सुरुवात शाखा डाकपालाला दरमहा १२ हजार आणि इतरांना १० हजार रुपयांपासून, त्यावर महागाई भत्ता. उपजीविकेचे दुसरे साधन असल्याचे उमेदवाराला सांगावे लागते. शाखा डाकपालाने पोस्टासाठी गावात जागाही स्वतःच द्यायची.

आता त्याच्या कायदेशीर दर्जाकडे पाहू. १९७७ मध्ये राजम्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, तेव्हा ‘खातेबाह्य’ म्हणवले जाणारे हे कर्मचारी ‘नागरी पद’ धारण करतात. त्यांना मनमानीने काढता येणार नाही. खात्याचे नियम मात्र सांगतात की डाकसेवक केंद्राच्या नागरी सेवेच्या बाहेर आहे. पद सरकारी, माणूस सरकारी नाही. याच कारणाने सातव्या वेतन आयोगाने त्यांना नियमित कर्मचाऱ्यांच्या बरोबरीने धरायला नकार दिला होता.

मग त्यांच्यासाठी वेगळी कमलेश चंद्र समिती बसली. तिने नोव्हेंबर २०१६ मध्ये अहवाल दिला. तो अमलात यावा म्हणून डाकसेवकांना मे २०१८ मध्ये देशभर संपावर जावे लागले. मंत्रिमंडळाचा निर्णय आला जून २०१८ मध्ये. आता आठव्या आयोगाच्या वेळीही त्यांच्या संघटनांची मागणी तीच आहे : आम्हालाही या आयोगाच्या कक्षेत घ्या.

एकाच पोस्टात तीन पेन्शन?

होय, आणि प्रश्नाचे मूळ इथेच आहे. १ जानेवारी २००४ पूर्वी नोकरीला लागलेल्या पोस्टमनला जुनी पेन्शन. त्यानंतर लागलेल्याला एनपीएस किंवा यूपीएस. त्यांच्याच पिशवीतले टपाल पुढच्या गावी नेणाऱ्या डाकसेवकाला यांपैकी काहीही नाही. निवृत्त होताना एकरकमी लाभ आणि नमस्कार.

यूपीएसचे गणित असे : २५ वर्षे सेवा झाली तर शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के पेन्शन. सेवा कमी असेल तर त्या प्रमाणात कमी. किमान १० वर्षे झाली तर दरमहा निदान १० हजार रुपये.

समजा, एक जण २२ व्या वर्षी डाकसेवक झाला. खात्याची परीक्षा देत देत ४५ व्या वर्षी तो पोस्टमन झाला आणि ६० व्या वर्षी निवृत्त झाला. त्याने टपालाचे काम केले ३८ वर्षे. यूपीएससाठी मोजली जाणार १५. म्हणजे पेन्शन ५० नव्हे, ३० टक्के. आधीची २३ वर्षे हिशेबात शून्य.

हा केवळ कागदावरचा प्रश्न नाही. जुन्या पेन्शनसाठी लागणारी १० वर्षे भरत नाहीत म्हणून डाकसेवक असतानाचा काळ धरावा, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती. गंडिबा बेहेरा प्रकरणात नोव्हेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने ती नाकारली, कारण तशी तरतूद नियमांत नाही. तेव्हा तरतूद करणे हे सरकारचे आणि संसदेचेच काम उरते. नवा टपाल कायदा करताना ती संधी होती. त्या कायद्यात ‘ग्रामीण डाकसेवक’ हे शब्दसुद्धा आलेले नाहीत.

पवईकराने याची फिकीर का करावी?

पवई म्हणजे फक्त टॉवर आणि कॅम्पस नव्हे. फुलेनगर, मिलिंदनगर, चैतन्यनगरही पवईच. इथल्या कितीतरी घरांचा दुसरा पत्ता कोकणात, देशावर किंवा मराठवाड्यात आहे. गावच्या जमिनीच्या वाटणीची नोटीस, आईची पेन्शन, वडिलांच्या पोस्टातल्या खात्याचे पैसे हे सगळे त्या गावच्या शाखा डाकपालाच्या हातून जाते.

त्यातही नोटिशीचा मुद्दा बघा. योग्य पत्त्यावर नोंदणीकृत टपालाने पाठवलेली नोटीस पोहोचली असे कायदा गृहीत धरतो. पाकिटावर ‘घेण्यास नकार’ असा शेरा असेल, तर न्यायालये सर्वसाधारणपणे ती मिळाली असेच मानतात. चेक न वटल्याचा खटला असो की घर रिकामे करून मागण्याचा, वाटप करणाऱ्याने लिहिलेल्या दोन शब्दांवर निकाल फिरू शकतो. ज्याच्या शेऱ्याला एवढे वजन द्यायचे, त्याला सेवेबाहेरचा अर्धवेळ माणूस म्हणत राहायचे, हे मला पटत नाही.

सरकारची बाजू काय?

ती अगदीच पोकळ नाही. अनेक शाखांत दिवसाला मोजकीच पाकिटे येतात आणि उत्पन्न खर्चाच्या मानाने फार कमी असते. चार तासांच्या कामाला आठ तासांचा पगार द्यायचा का, हा प्रश्न रास्त आहे. अडीच लाख लोकांना एकदम नियमित केले तर पेन्शनचा बोजा कित्येक दशके राहील.

पण याला दुसरी बाजू आहे. चार तास हे पूर्वीच्या पत्रांच्या हिशेबाचे. आज त्याच माणसाकडे बचत खाती, टपाल विमा, पोस्ट पेमेंट्स बँकेचे व्यवहार आणि पार्सले आहेत. आणि अर्धवेळ काम असेल तर अर्धी सेवा मोजा. शून्य कशी मोजता येईल?

इतर देशांत काय झाले?

अमेरिकेने एप्रिल २०२२ मध्ये टपाल सुधारणा कायदा केला. टपाल सेवेच्या आर्थिक घसरणीला कारण ठरलेली एक तरतूद, म्हणजे निवृत्तांच्या आरोग्य विम्याचे पैसे आधीच बाजूला काढण्याची सक्ती, त्याने रद्द केली. त्याच कायद्यात आठवड्यातून सहा दिवस वाटप झालेच पाहिजे, हेही लिहिले. तिथेही कच्चे कर्मचारी आहेत आणि त्यांची गाऱ्हाणी आहेत; पण सेवेचा किमान दर्जा कायद्यात आहे.

डेन्मार्कने उलटी वाट धरली. २०२४ पासून तिथे सर्वत्र टपाल देण्याचे कायदेशीर बंधन उठले आणि २०२५ च्या अखेरीस सरकारी मालकीच्या पोस्टनॉर्डने पत्रवाटपच बंद केले. तिथे बहुतेक सरकारी पत्रव्यवहार डिजिटल झाला आहे. आपल्याकडे आधार कार्डसुद्धा टपालाने येते.

मग करायचे काय?

त्यासाठी तीन बदल पुरेत. एक, देशातल्या प्रत्येक पत्त्यावर आठवड्यातून किमान किती दिवस टपाल जाईल, हे नियमांत नव्हे तर कायद्यात लिहावे आणि टपाल अडवण्याच्या आदेशांची स्वतंत्र तपासणी व्हावी. दोन, नियमित झालेल्या डाकसेवकाची आधीची सेवा तासांच्या प्रमाणात पेन्शनसाठी धरावी. वरच्या उदाहरणातली २३ वर्षे निम्मी धरली तरी साडेअकरा होतात. ती १५ मध्ये मिळवली की साडेसव्वीस भरतात आणि पूर्ण ५० टक्के पेन्शन बसते. तीन, डाकसेवकांचा भत्ता ठरवण्याचे काम आठव्या आयोगाकडेच द्यावे. वेगळी समिती नेमायची असेल तर तिचा अहवाल अमलात आणण्याची मुदत आधी जाहीर करावी.

आठव्या आयोगाला अहवालासाठी १८ महिने दिलेले आहेत. कार्यकक्षेत एक ओळ वाढवायला तेवढा वेळ लागत नाही. ती वाढली नाही, तर २०१६ च्या समितीनंतर जे झाले तेच पुन्हा होईल : अहवाल, प्रतीक्षा आणि संप. त्या संपाच्या दिवसांत पवईहून गावी पाठवलेले पाकीट तालुक्याच्या पोस्टात पडून राहील, आणि ट्रॅकिंगवर आपल्याला ते ‘मार्गावर’ असल्याचे दिसत राहील.